ह्यातला नवरा कुठला?

दोन महिन्यांपूर्वी कोल्हापुरात, राजारामपुरीत भाचीच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. आहेरात कुणीतरी काचेचा वाडगा आणला होता. तळाला रंगीत गोट्या, चार बोटं पाणी आणि त्यात कासवाची दोन हिरवी पिल्लं, पाच सेंटीमीटरसुद्धा नसतील. दुकानदारानं सांगितलेलं पाहुण्यांनी आम्हाला सांगितलं, "नर-मादीची जोडी आहे. उत्तरेला ठेवा, पैसा टिकतो." भाचीची सात वर्षांची लेक वाडग्याला नाक लावून बसली होती. तिनं मला विचारलं, "आजी, ह्यातला नवरा कुठला?"

खरं उत्तर असं की नुसतं बघून ते कुणालाच सांगता येणार नाही, दुकानदारालाही नाही. डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं हे कासव म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. त्याचं मूळ घर अमेरिकेत, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात. नराच्या पुढच्या पायांची नखं लांब वाढतात, शेपूट जाड होते; पण हे सगळं कवच साधारण दहा सेंटीमीटरचं झाल्यावर, म्हणजे काही वर्षांनी. तोवर जोडी म्हणायची ती फक्त आकड्याची.

आता मला ज्याचं कायम अप्रूप वाटतं ते सांगते. शाळेत आपण शिकलो की मुलगा की मुलगी हे एक्स-वाय गुणसूत्रांवर ठरतं. स्लायडरमध्ये अशी लिंग ठरवणारी गुणसूत्रंच नाहीत. मादी जमिनीत खड्डा करून अंडी घालते, माती ओढते आणि निघून जाते. पुढचं ठरवते मातीची ऊब. अंडी २६ अंश सेल्सिअसला उबवली तर नर, ३१ अंशांना माद्या, आणि २९च्या आसपास दोन्ही. उबवणीचे दोन-अडीच महिने सारखेच महत्त्वाचे असतात असंही नाही. निर्णय होतो तो मधल्या तिसऱ्या हिश्श्यात.

आपल्याकडचं गुऱ्हाळ डोळ्यांपुढे आणा. काहिलीत रस एकच असतो. गुळव्यानं तो १०५ अंशांच्या आसपास उतरवला तर काकवी आणि ११८च्या पुढे नेला तर गूळ. रसात आधीपासून काकवीचा वेगळा आणि गुळाचा वेगळा असा भाग नसतो. कासवाच्या भ्रूणातली जननग्रंथीही तशीच, दोन्हीकडे जाऊ शकणारी.

पण पेशीला ऊब कळते कशी? डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर, रिळावर सूत गुंडाळावं तसा गुंडाळलेला असतो. वृषण घडवायला डीएमआरटी-१ नावाचं जनुक लागतं, आणि त्या जागच्या हिस्टोनवर मिथाइल गटांची खूण असली की ते जनुक बंद राहतं. केडीएम६बी हे विकर (एन्झाइम) ती खूण पुसतं. २६ अंशांना हे विकर भरपूर तयार होतं, खूण पुसली जाते, जनुक उघडतं आणि वृषण घडू लागतो. २०१८ मध्ये चीन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २६ अंशांच्या अंड्यांमध्ये हे विकर मुद्दाम कमी केलं, तर बहुतेक भ्रूणांत अंडाशय घडू लागले. २०२० मध्ये साखळीतला त्याआधीचा दुवाही सापडला. ३१ अंशांना पेशीत कॅल्शियम जास्त शिरतं, त्यामुळे स्टॅट-३ नावाच्या प्रथिनावर फॉस्फेट चढतं आणि तसं झालेलं स्टॅट-३ केडीएम६बीचं जनुकच दाबून टाकतं. खूण पुसायला कुणी उरत नाही, डीएमआरटी-१ बंदच राहतं आणि मादी घडते. पाच अंशांच्या फरकावर अख्खा जीव नर किंवा मादी होतो आणि त्याची साखळी आपल्याला कडी-कडीनं दिसते, हे मला फार मोठं वाटतं.

म्हणून एकाच तापमानाच्या उबवणी यंत्रातून निघालेली दोन पिल्लं 'नर-मादी' असण्यापेक्षा सारखीच असण्याचा संभव जास्त. आणि पैसा टिकण्याबद्दल एकच सांगते. देवळात गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला मीही नमस्कार करते. इंद्रियं आवरून घ्यावीत, हे ते कासव सांगतं. त्या अर्थाशी वाडग्यात कोंडलेल्या पिल्लाचा काही संबंध नाही. धनलाभाच्या नावावर जिवंत प्राणी विकणं मला पटत नाही.

जोडीतलं प्रेमही आपण लावलेलं असतं. भाचीकडे एक पिल्लू दुसऱ्याच्या तोंडासमोर पुढची नखं थरथरवत होतं. सगळे म्हणाले, "लाड करतंय बघा की!" मोठा नर मादीसमोर असं करतो हे खरं, पण लहान पिल्लंही हे करतात, आणि त्यात बहुधा दुसऱ्याला दबवणं असतं. उन्हाच्या दगडावर एक दुसऱ्याच्या पाठीवर चढून बसतं ते उबेच्या जागेसाठी. स्लायडरला सोबतीची गरज नसते. एकत्र ठेवलं की एक भराभर खातं, दुसरं कोपऱ्यात राहतं, शेपटीला नि पायांना चावे बसतात. मी काट्यावर वजन केलं तेव्हा एक २१ ग्रॅम भरलं, दुसरं १४.

तेव्हा पहिलं काम म्हणजे दोन टब. पाणी २६ ते २८ अंश. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ते फार खाली जातं, म्हणून हीटर हवा. अंग पूर्ण सुकेल असा कोरडा दगड हवा, आणि थेट ऊन. उन्हातल्या अतिनील-ब किरणांनी कातडीत ड-३ जीवनसत्त्व तयार होतं, त्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडतं. खिडकीच्या काचेतून हे किरण जवळजवळ येतच नाहीत. पण काचेचा वाडगा उन्हात ठेवू नका, पाणी बघता बघता तापतं. अर्ध्यावर सावली असलेला टब ठेवा, कावळ्यांसाठी वर जाळी टाका. पाण्यात समुद्रफेनाचा तुकडा असू द्या. भात-चपाती नको; पिल्लांना गांडूळ, बारीक मासे आणि कासवांचं तयार खाद्य, वाढत्या वयात पालेभाजी. हाताळल्यावर साबणानं हात धुवा. कासवांकडून मुलांना साल्मोनेलाची लागण होत होती, म्हणून अमेरिकेनं १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवांची विक्रीच बंद केली.

पाठीवर पिवळ्या चांदण्यांचं तारा कासव कुणी देऊ केलं तर घेऊ नका. ते आपलं वन्यजीव आहे, कायद्यानं संरक्षित आहे, घरी बाळगणं गुन्हा आहे. आणि स्लायडर मोठं झालं, मादी तर फुटाच्या आसपास जाते, म्हणून रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडू नका. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे; आपल्या कासवांची उन्हाची जागा आणि खाणं ते बळकावतं. वीस-तीस वर्षं सांभाळायची तयारी असेल तरच ते घरी आणावं.

भाचीच्या गच्चीत आता दोन टब आहेत. लेकीनं वजनांची वही केली आहे. वर आधी 'नवरा' आणि 'बायको' असे रकाने होते, ते खोडून तिनं 'मोठं' आणि 'लहान' लिहिलंय. गेल्या रविवारी लहान १७ ग्रॅम भरलं.