बालवाडीसाठी महापालिकेचं अनुदान: प्रस्ताव नेमका कुठे अडतो

वस्तीतलं महिला मंडळ किंवा एखादी संस्था तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालवाडी चालवत असेल, तर महापालिकेच्या महिला व बालकल्याण विभागाच्या अनुदानासाठी प्रस्ताव देता येतो. जाहिरात निघाली की प्रस्ताव जातात आणि त्यातले बरेच परत येतात. बालवाडी वाईट असते म्हणून नव्हे. ती बघायला कोणी येण्याआधीच फाइल कागदांवर अडकते.

संस्थेची नोंदणी, पॅन, दर्पण पोर्टलचा (स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचं सरकारी संकेतस्थळ) क्रमांक, संस्थेच्या नावाचं बँक खातं, मुलांची यादी, शिक्षिकांची प्रमाणपत्रं हे सगळं जमवता येतं. अटी प्रत्येक पालिकेच्या वेगळ्या असतात, तेव्हा शेजारच्या शहरातल्या संस्थेचा जुना नमुना उतरवून देऊ नका.

खरी मेख आहे परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीत. धर्मादाय कार्यालयातून त्याचा उतारा काढून बघा. त्यावर विश्वस्त म्हणून ज्यांची नावं आहेत, पालिका त्यांनाच ओळखते. पुष्कळ मंडळांच्या उताऱ्यावर अजून संस्थापक अध्यक्षांचं नाव असतं. ते जाऊन वर्षं लोटलेली असतात, आणि प्रस्तावावर सही आजच्या अध्यक्षांची. निवडणूक झाली, इतिवृत्तात नोंद झाली, पण बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात, तो कोणी भरलाच नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तो बदल झाल्यापासून ९० दिवसांत द्यायचा असतो. मुदत टळली असेल तर विलंबमाफीचा अर्ज सोबत जोडा. निकाल यायला वेळ लागतो, म्हणून जाहिरातीची वाट न बघता आत्ताच वकील गाठा. बदल अर्ज दाखल केल्याची नुसती पोच एखाद्या टेबलावर चालते, दुसऱ्यावर चालत नाही. आधी लेखी विचारून घ्या. 'चालेल हो' हे तोंडी उत्तर छाननीच्या दिवशी कोणालाच आठवत नाही.

दुसरी अडचण जागेची. करार बहुतेकांकडे असतो, पण स्टँप पेपरवर नोटरी केलेला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. 'अकरा महिन्यांना रजिस्ट्रेशन लागत नाही' असं सांगणारा एजंट प्रत्येक नाक्यावर भेटतो, त्याचं ऐकू नका. करार संस्थेच्या नावाने करा. अध्यक्षबाईंच्या स्वतःच्या नावावरचा करार इथे उपयोगाचा नाही. आता वस्तीत खोलीमालकाकडेच धड कागद नसतो, मग नोंदणी करायची कशाची? याचं उत्तर कोणी देत नाही, अट मात्र छापलेली असते. अशा वेळी पालिकेच्याच समाजमंदिरात जागा मागा आणि वापराची लेखी परवानगी जोडा. बालवाडी तिथेच किती वर्षं भरते, हे साऱ्या वस्तीला माहीत असलं तरी फाइलला माहीत नसतं.

हिशेबाच्या अटीचाही अर्थ चुकीचा लावला जातो. 'मागील तीन आर्थिक वर्षे' म्हणजे नुकत्याच ३१ मार्चला संपलेल्या वर्षापासून मागे. ताज्या वर्षाचं ऑडिट सप्टेंबरपर्यंत होईल म्हणून त्याआधीची तीन वर्षं जोडली, की त्रुटी निघालीच. जाहिरात कधी निघेल याचा नेम नसतो, तेव्हा सीएकडे वह्या एप्रिलमध्येच द्या.

प्रस्तावासोबत जोडायच्या संस्थेच्या ठरावात क्रमांक, तारीख, सूचक, अनुमोदक आणि सही कोण करणार त्याचं नाव हवं. नुसतं 'सर्वानुमते ठरले' पुरत नाही.

प्रस्ताव देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या, रांग कितीही लांब असली तरी. त्रुटीपत्र, म्हणजे कागदांतल्या उणिवा कळवणारं पत्र, आलं तर त्या पुऱ्या करायची मुदत पत्रावरच्या तारखेपासून आहे की ते मिळाल्यापासून, हे आधी बघा. ही पत्रं नोंदणीच्या पत्त्यावर जातात, आणि तो पत्ता बऱ्याचदा जुन्या सचिवांच्या घरचा असतो. तो बदलला असेल तर त्याचाही बदल अर्ज द्यावा लागतो. विश्वस्तांच्या अर्जासोबतच तेही काम उरकून घ्या.