पालकस्थानी शाळा

मूल शाळेत असते तेवढा वेळ शिक्षक आणि मुख्याध्यापक हे त्याच्या आईवडिलांच्या जागी असतात, म्हणून त्याला शिस्त लावण्याचा, अडवण्याचा आणि मर्यादेत शिक्षा करण्याचा अधिकार त्यांना पोहोचतो, असे मानणारे इंग्लिश व अमेरिकी कायद्यातील तत्त्व. 'इन लोको पेरेंटिस', म्हणजे 'पालकाच्या जागी', या लॅटिन शब्दप्रयोगाने ते ओळखले जाते. अमेरिकेतील सार्वजनिक शाळा, तिथले विद्यार्थी आणि शालेय प्रशासक यांच्या हक्कांचा व कर्तव्यांचा बराचसा इतिहास या एका तत्त्वाशी न्यायालयांनी घातलेल्या वादाचा इतिहास आहे.

सार्वजनिक शाळा म्हणजे करांच्या पैशांवर चालणारी, बहुधा निवडून आलेल्या शालेय मंडळाच्या कारभाराखालची मोफत शाळा. 'पब्लिक स्कूल' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे महागडी खाजगी शाळा येते, आणि इंग्लंडमध्ये तो अर्थ बरोबरही आहे. अमेरिकेत तो नेमका उलटा. हा भेद केवळ शब्दांचा नाही. अमेरिकी संविधानातले मूलभूत हक्क शासनाला बांधतात, खाजगी संस्थेला नाही. त्यामुळे पुढे आलेले जवळजवळ सर्व निवाडे सरकारी शाळांपुरतेच लागू आहेत.

तत्त्वाचे मूळ इंग्लिश विधिज्ञ विल्यम ब्लॅकस्टोन यांच्या 1765 मधील विवेचनात सापडते. बाप आपल्या अधिकाराचा काही भाग पंतोजीकडे सोपवतो आणि ज्या कामासाठी त्याला नेमले त्यापुरता आवर घालण्याचा व ताळ्यावर आणण्याचा अधिकार पंतोजीला मिळतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. यात दोन गोष्टी गृहीत आहेत : अधिकार बापाने स्वतःहून दिलेला आहे, आणि तो कामापुरताच आहे. पुढच्या शंभर वर्षांत अमेरिकी न्यायालयांनी पहिली गोष्ट घट्ट धरली आणि दुसरी बरीचशी सोडून दिली.

नॉर्थ कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे 1837 मध्ये आलेला पेंडरग्रास खटला याचा नमुना आहे. सहासात वर्षांच्या मुलीला बाईंनी छडीने मारले, अंगावर वळ उठले. कायमची इजा होत नाही किंवा मनात आकस असल्याचे दिसत नाही तोवर शिक्षिकेला दोषी धरता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. वळ चार दिवसांत जातात, हा त्यामागचा हिशेब. व्हरमाँटमधील 1859 चा लँडर विरुद्ध सीव्हर हा खटला त्याहून मजेशीर. शाळा सुटून दीड तास झालेला, अकरा वर्षांचा मुलगा वडिलांची गाय हाकत मास्तरांच्या घरावरून चालला होता. बरोबरच्या मुलांसमोर त्याने मास्तरांचा 'म्हातारा जॅक सीव्हर' असा उल्लेख केला. दुसऱ्या दिवशी शाळेत त्याला चामडी चाबकाने मार बसला. घरी गेल्यावर मूल पुन्हा बापाच्या ताब्यात जाते, हे न्यायालयाने मान्य केले. पण ज्या वर्तनाचा शाळेच्या शिस्तीवर थेट व तात्काळ परिणाम होतो ते शाळेबाहेर घडले तरी मास्तर शिक्षा करू शकतात, असेही सांगितले. मात्र शिक्षा उघडच बेसुमार असेल तर मास्तरांचा हेतू शुद्ध होता एवढ्यावर त्यांची सुटका नाही.

याच काळात तत्त्वाखालची जमीन सरकू लागली होती. मॅसॅच्युसेट्सने 1852 मध्ये शालेय हजेरी सक्तीची केली आणि 1918 मध्ये मिसिसिपीने कायदा केल्यावर देशातले एकही राज्य त्यातून सुटले नाही. मूल शाळेत पाठवायचे की नाही हे आता बापाच्या हाती राहिले नाही. पाठवले नाही तर त्यालाच दंड. मग ज्याने काही सोपवलेच नाही त्याचा अधिकार शाळेकडे आला कुठून? हा साधा प्रश्न न्यायालयात नीटपणे विचारला जायला आणखी बरीच दशके लागली.

पहिला मोठा तडा 1943 मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विरुद्ध बार्नेट या खटल्यात गेला. यहोवाज विटनेसेस या पंथाच्या मुलांनी ध्वजाला वंदन करण्यास धार्मिक कारणावरून नकार दिला होता. तीनच वर्षांपूर्वी दिलेला स्वतःचा निर्णय फिरवून, ऐन युद्धाच्या धामधुमीत, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी सक्ती घटनाबाह्य ठरवली. महाविद्यालयांच्या बाबतीत हे तत्त्व 1961 च्या डिक्सन विरुद्ध अलाबामा या अपील न्यायालयाच्या निकालाने मोडीत निघाले. वर्णभेदाविरुद्ध माँटगोमेरीच्या न्यायालय इमारतीतील उपाहारगृहात ठाण मांडणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना सुनावणीशिवाय काढून टाकले होते. सरकारी महाविद्यालयाला तसे करता येत नाही, असे ठरले.

शाळकरी मुलांच्या हक्कांची पायाभरणी मात्र टिंकर विरुद्ध डि मॉइन या 1969 च्या निकालाने झाली. आयोवा राज्यातील काही मुले डिसेंबर 1965 मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी फीत बांधून शाळेत आली आणि निलंबित झाली. शाळेच्या फाटकापाशी विद्यार्थी किंवा शिक्षक आपले अभिव्यक्तिस्वातंत्र्य उतरवून ठेवत नाहीत, असे न्या. एब फोर्टास यांनी सात विरुद्ध दोन अशा बहुमताच्या निकालपत्रात लिहिले. शाळेच्या कामकाजात भरीव व्यत्यय येणार असेल, किंवा इतरांच्या हक्कांवर आक्रमण होणार असेल, तरच तोंड बंद करता येते. नुसत्या धास्तीपोटी नाही. पुढे या नियमाला पळवाटा फुटल्या. सभेतील अश्लील भाषण (1986), शाळेच्याच खर्चाने निघणारे वर्तमानपत्र (1988) आणि अमली पदार्थांची भलामण करणारा फलक (2007) या तिन्ही बाबतींत शाळेची सरशी झाली.

प्रशासकांच्या रोजच्या कामावर अधिक परिणाम केला तो 1975 सालाने. गॉस विरुद्ध लोपेझ या ओहायोतील खटल्यात, दहा दिवसांपर्यंतच्या निलंबनासाठीही आरोप काय आहे ते सांगणे, मुलाने तो नाकारला तर पुरावा काय ते समजावणे आणि त्याची बाजू ऐकणे आवश्यक ठरले. वकील नको, साक्षीदारांची उलटतपासणी नको. घटनेनंतर काही मिनिटांत, तिथल्या तिथे झालेले बोलणेही चालते. निकाल पाच विरुद्ध चार असा काठावरचा होता. प्रत्येक खोडीचा खटला होईल, ही अल्पमतातल्या न्यायाधीशांची भीती मला तरी फारशी खरी झालेली दिसत नाही. चांगला मुख्याध्यापक 'काय झालं रे?' असे आधीपासून विचारतच होता. न चांगल्याला ते विचारणे भाग पडले, इतकेच.

त्याच वर्षीच्या वुड विरुद्ध स्ट्रिकलंड खटल्याची सुरुवात सरबतापासून होते. आर्कान्सामधील शाळकरी मुलींनी राज्याची हद्द ओलांडून ओक्लाहोमातून माल्ट मद्याच्या दोन बाटल्या आणल्या आणि पालकांसह होणाऱ्या शाळेच्या कार्यक्रमातील सरबतात मिसळल्या. पिणाऱ्यांना काही जाणवलेसुद्धा नाही. पण शालेय मंडळाने मुलींना सत्र संपेपर्यंत काढून टाकले. विद्यार्थ्याचा प्रस्थापित घटनात्मक हक्क आपण तुडवत आहोत हे ज्या सदस्याला ठाऊक होते, किंवा ठाऊक असायला हवे होते, त्याच्यावर 1871 च्या नागरी हक्क कायद्याखाली व्यक्तिशः भरपाईचा दावा चालू शकतो, असे न्यायालय म्हणाले. प्रशासकांना मिळणारे मर्यादित संरक्षणही इथेच आखले गेले : कायदा त्या वेळी सुस्पष्ट नसेल तर चूक झाली तरी खिशाला झळ लागत नाही.

छडीपुढे मात्र संविधान थबकले. फ्लोरिडातील एका आठवीच्या विद्यार्थ्याला 1970 मध्ये मुख्याध्यापकांच्या खोलीत टेबलावर ओणवे धरून लाकडी फळीने वीसहून अधिक फटके मारण्यात आले. रक्त साकळून तो कित्येक दिवस शाळेत येऊ शकला नाही. इंग्राहम विरुद्ध राइट (1977) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की क्रूर शिक्षेवरील घटनात्मक बंदी गुन्हेगारांसाठी आहे, शाळकरी मुलांसाठी नाही, आणि फटके मारण्यापूर्वी सुनावणीचीही गरज नाही. दहा दिवस घरी बसवायचे तर मुलाचे ऐकून घ्यायचे, वीस फटके मारायचे तर नाही. या विसंगतीचे समाधानकारक उत्तर निकालपत्रात सापडत नाही. बंदी आली ती राज्यांच्या कायद्यांनी. न्यू जर्सीने ती 1867 मध्येच घातली होती. दक्षिणेतील अनेक राज्यांत शारीरिक शिक्षा आजही कायदेशीर आहे.

ब्लॅकस्टोन यांच्या कल्पनेला सर्वोच्च न्यायालयाने थेट हात घातला तो न्यू जर्सी विरुद्ध टी. एल. ओ. (1985) या खटल्यात; टी. एल. ओ. ही अल्पवयीन मुलीच्या नावाची आद्याक्षरे. चौदा वर्षांची मुलगी स्वच्छतागृहात सिगारेट ओढताना सापडली. मी ओढतच नाही, असे तिने सांगताच उपमुख्याध्यापकांनी तिची पर्स उघडली. वरच सिगारेटचे पाकीट. ते उचलले तर खाली सिगारेट वळायचे कागद, म्हणून आणखी शोधले. मग गांजा, पाइप, एक-एक डॉलरच्या नोटांची चळत आणि कोणाकडून किती येणे आहे त्याची यादी निघाली. सक्तीच्या शिक्षणाच्या काळात शाळेचे अधिकारी पालकांचे मुखत्यार नव्हेत, ते शासनाचे अंमलदार आहेत. म्हणून गैरवाजवी झडतीविरुद्धची चौथी घटनादुरुस्ती त्यांना लागू आहे, असे न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले. मात्र पोलिसांप्रमाणे वॉरंट लागत नाही, वाजवी संशय पुरतो. झडतीला मुळात कारण हवे, आणि तिची व्याप्ती कारणाच्या प्रमाणात हवी. तत्त्व मुलीच्या बाजूचे निघाले, निकाल शाळेच्या.

ही व्याप्तीची अट किती कामाची आहे ते सॅफर्ड विरुद्ध रेडिंग (2009) मध्ये दिसले. ॲरिझोनातील तेरा वर्षांच्या मुलीकडे आयब्युप्रोफेनच्या गोळ्या असल्याच्या संशयावरून तिला अंतर्वस्त्रांपर्यंत उतरवून तपासले होते. गोळ्या निघाल्या नाहीत. आठ न्यायाधीशांनी ही झडती घटनाबाह्य ठरवली. पण कायदा पुरेसा स्पष्ट नव्हता, या कारणाने अधिकारी व्यक्तिशः सुटले.

गाडलेले तत्त्व दरम्यान दुसऱ्या दाराने परत आले होते. व्हर्नोनिया विरुद्ध ॲक्टन (1995) मध्ये अमली पदार्थांसाठी शालेय खेळाडूंची सरसकट लघवी-तपासणी वैध ठरवताना न्या. अँटोनिन स्कॅलिया यांनी शाळेची सत्ता राखणदाराची आणि गुरूची आहे, असे म्हटले. ही तपासणी 2002 मध्ये गायनवृंदासारख्या उपक्रमांतील मुलांपर्यंत पोहोचली. त्याच व्हर्नोनिया निकालात स्कॅलिया हेही नोंदवतात की या सत्तेतून मुलांचे संरक्षण करण्याचे घटनात्मक कर्तव्य सर्वसाधारणपणे निघत नाही. त्याला आधार डिशेनी (1989) या बालछळाच्या खटल्याचा, आणि कनिष्ठ न्यायालयांनी तो शाळांना बहुतेक ठिकाणी लावला आहे. पालकाचा हात शाळेला मिळाला, पालकाची जबाबदारी संविधानाने दिली नाही. इजा झालेल्या मुलाला मग राज्याच्या निष्काळजीपणाच्या कायद्याकडे वळावे लागते, किंवा लिंगाधारित छळ असेल तर शिक्षणातील लिंगभेदाला मनाई करणाऱ्या 1972 च्या टायटल नाइन या कायद्याकडे. डेव्हिस विरुद्ध मन्रो काउंटी (1999) नुसार, सहविद्यार्थ्याकडून होणारा गंभीर छळ माहीत असूनही शाळेने जाणूनबुजून डोळेझाक केली तर भरपाई द्यावी लागते.

खऱ्या पालकांचा आवाज अलीकडे पुन्हा मोठा झाला आहे. मेरीलंडमधील महमूद विरुद्ध टेलर (2025) खटल्यात, समलैंगिक व पारलिंगी पात्रे असलेल्या गोष्टींच्या पुस्तकांच्या तासाला धार्मिक कारणाने मुलांना न बसवण्याची मुभा न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी पालकांना मिळवून दिली.

व्हरमाँटच्या गायीची गोष्ट मोबाइलवर पुन्हा घडली आणि 2021 मध्ये तिचा निकाल लागला. पेनसिल्व्हेनियातील महॅनॉय शाळेच्या मुख्य चीअरलीडिंग संघात निवड न झालेल्या मुलीने शनिवारी एका दुकानातून स्नॅपचॅटवर शाळेला शिवी घातली आणि तिला कनिष्ठ संघातूनही वर्षभरासाठी काढण्यात आले. शाळेबाहेरच्या बोलण्याबाबत शाळा पालकाच्या जागी क्वचितच असते, असे सांगून आठ विरुद्ध एक मतांनी तिच्या बाजूने निकाल झाला. पर्सची जागाही आता फोनने घेतली आहे. अटकेतल्या माणसाचा फोन पाहायलाही पोलिसांना वॉरंट लागते, हे 2014 मध्ये ठरले. मुख्याध्यापकांनी जप्त करून खणात ठेवलेला फोन उघडावा की नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाने अजून निर्णय दिलेला नाही.