पाण्यात पाय न घालता झालेला आजार

फेब्रुवारी १९९९. नेदरलँड्समधल्या बोवेनकार्स्पेल गावात फुलांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. लोक आले, फुलं बघत हिंडले, घरी गेले. पुढच्या काही दिवसांत अनेकांना ताप भरला, धाप लागू लागली. तीनशेहून जास्त माणसं आजारी पडली, किमान ३२ दगावली. शोध घेतला तेव्हा बोट गेलं ते तिथे मांडलेल्या गरम पाण्याच्या, बुडबुडे सोडणाऱ्या टबाकडे. आजारी पडलेले लोक त्यात उतरले नव्हते, नुसते जवळून गेले होते.

जंतूचं नाव लिजनेला. १९७६ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेच्या मेळाव्यात न्यूमोनियाची साथ आली, त्यावरून हे नाव पडलं. साधारण २५ ते ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तो जोमाने वाढतो, आणि हॉट टबचं पाणी असतं ३७ ते ४० अंश. बुडबुडा फुटला की डोळ्यांना न दिसणारे तुषार हवेत उडतात आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसात जातात.

क्लोरीन या जंतूला मारतं, पण गरम, घुसळत्या पाण्यातून ते भराभर उडून जातं. त्यात घाम, तेल, सनस्क्रीन मिसळलं की आणखी संपतं. नाकात झणझणणारा वास आला की आपल्याला वाटतं, भरपूर औषध टाकलंय. खरं तर तो वास बहुधा घामाशी संयोग होऊन खर्ची पडलेल्या क्लोरीनचा असतो! म्हणून वासावर जाऊ नका, पाण्याच्या नितळपणावरही नको. चाचणीची पट्टी पाण्यात बुडवायची आणि तिचा रंग डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचा. क्लोरीन निदान ३ पीपीएम (म्हणजे दहा लाख भाग पाण्यात तीन भाग) हवं, पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा) ७ ते ७.८ च्या दरम्यान. रिसॉर्टवाल्यांना आजची नोंद दाखवायला सांगण्यात संकोच कसला? मी तर आधी पाण्याच्या रेषेपाशी टबाच्या कडेवरून बोट फिरवते. बुळबुळीत लागलं तर उतरत नाही. तसाच थर आतल्या नळ्यांत असला, तर जंतू त्याच्या आडोशाला क्लोरीनपासून वाचतात.

अंगावर, विशेषतः ओल्या स्विमसूटखाली, खाजरे लाल फोड येतात ते स्यूडोमोनास या दुसऱ्या जंतूमुळे. ते बहुतेक वेळा आपोआप बरे होतात.

उष्णतेला मात्र हलक्यात घेऊ नका. पाणी ४० अंशांच्या वर नको. रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो, झटकन उठलं की भोवळ येते. दारू प्यायल्यावर टबात उतरूच नये. पाच वर्षांखालच्या मुलांना टबात नेऊ नये. गरोदर बाईने, हृदयविकार असलेल्याने आधी डॉक्टरांना विचारावं.

टबात बसून आल्यावर साधारण दोन आठवड्यांत ताप, खोकला, धाप सुरू झाली, तर ‘हॉट टबमध्ये बसलो होतो’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. पन्नाशी ओलांडलेल्यांनी, धूम्रपान करणाऱ्यांनी तर नक्कीच. पेनिसिलिनच्या जातीची औषधं लिजनेलावर चालत नाहीत, वेगळी लागतात, आणि लघवीच्या तपासणीतून तो बऱ्याचदा सापडतो. पण ती तपासणी करायचं डॉक्टरांच्या मनात यायला हवं.