पहिल्या भेटीला येताना: आधी वही, मग तक्ता

फोनवर वेळ ठरवताना बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "आहाराचा तक्ता त्याच दिवशी मिळेल ना?" नाही, आमच्या आहार सल्ला केंद्रात तक्ता दुसऱ्या भेटीत मिळतो, आणि पहिल्या भेटीला येताना सात दिवसांची वही, म्हणजे काय खाल्लं आणि रक्तातली साखर किती आली याची नोंद, लिहून आणावी लागते. हे सांगितलं की काही जण नाराज होतात. "दुसरीकडे लगेच देतात," असंही म्हणतात. तेव्हा हे एकदा नीट लिहूनच ठेवावं असं वाटलं. घरात मधुमेह आहे, डॉक्टरांचे उपचार सुरू आहेत आणि साखर मोजायचं मीटर जवळ आहे, असं धरून पुढचं लिहिलं आहे.

छापील तक्ता आमच्याकडूनही पाच मिनिटांत निघेल. पण अशा तक्त्यांचं पुढे काय होतं ते आम्ही बघत आलो आहोत. तो फ्रिजच्या दाराला चिकटतो, आठवडाभर पाळला जातो आणि मग त्याच्याकडे कोणाचं लक्षही जात नाही. त्यात तुमची रात्रपाळी नसते, दुपारचं जेवण तीन वाजता होतं हे नसतं, घरात रांधतं कोण आणि उरलेलं संपवतं कोण हेही नसतं. हे सगळं वहीत सापडतं.

आता मुख्य गोष्ट. आमचा आणि तुमचा सर्वांत जास्त वेळ एकाच चुकीपायी जातो: भेटीच्या आदल्या रात्री बसून सात दिवसांची वही एका बैठकीत लिहून काढणं. पान उघडताच ते लक्षात येतं. सातही दिवस एकच शाई, नाश्ता रोज ठोक्याला आठ वाजता आणि साखरेचे आकडे १२०, १३०, १४०. मीटर असे गोळाबेरीज आकडे दाखवत नाही. जागच्या जागी लिहिलेल्या वहीत १३७ असतो, ११८ असतो, मध्येच एक २०३ असतो, पानाला तेलाचा डाग असतो आणि एखाद्या दिवशी अर्धं पान कोरं असतं. अशी वही आम्हाला हवी आहे. आठवून लिहिलेल्या वहीवर सल्ला दिला तर तो लागू पडत नाही. मग पुन्हा वही, पुन्हा भेट, आणि महिना हातचा जातो.

यात कोणी मुद्दाम खोटं लिहितं असं नाही. जेवण आठवतं, पण येता-जाता तोंडात टाकलेलं आठवत नाही. एका ताईंचा सकाळचा उपाशीपोटीचा आकडा बरा असायचा, पण एचबीए१सी ८.२ टक्के आलं होतं. ही तपासणी साधारण गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, कारण रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि तेवढा काळ त्यांच्यावर साखर चिकटत राहते. म्हणजे साखर दिवसात कधीतरी वाढत होती, कधी ते कळत नव्हतं. त्यांनी वही स्वयंपाकघरात ठेवली आणि तिसऱ्या दिवशी लिहिलं: "सं. ६, चहा, बिस्किटं ३. चव बघताना दोन-तीन चमचे. मुलाच्या ताटातला भात, ४ घास." पाच ते आठ या वेळात रोज एक न मोजलेलं जेवण होत होतं. त्यांच्या दुपारच्या जेवणाला आम्ही हातही लावला नाही, फक्त संध्याकाळ बदलली.

तेव्हा खाल्लं की लगेच लिहा. प्रमाण घरच्या वाटीत लिहा, पण ती वाटी पाण्याने भरून एकदा मोजा. कोणाची १२० मिलीची असते, कोणाची २५० ची, आणि दोघेही "एक वाटी भात" असंच लिहितात. आणखी एक: वहीच्या आठवड्यात पथ्य सुरू करू नका. पाहुणे यायचे म्हणून घर आवरावं तसं जेवण आवरून आणलंत तर आम्हाला तुमचं रोजचं जेवण दिसणारच नाही. नेहमीसारखं खा, नेहमीसारखं लिहा. आम्ही रागावत नाही.

साखर मोजतानाचे नियम थोडेच आहेत. रोज फक्त सकाळचा आकडा आणलात तर एकच गोष्ट सात वेळा कळते. पहाटे शरीरातल्या संप्रेरकांमुळे यकृत रक्तात साखर सोडतं, त्यामुळे रात्री कमी जेवूनही काहींचा सकाळचा आकडा चढा येतो. त्यापेक्षा रोज एक जेवण निवडा, त्याच्या आधी मोजा आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी पुन्हा मोजा. जेवण संपल्यापासून नव्हे. आज नाश्ता, उद्या दुपार, परवा रात्र. दिवसाला दोन स्ट्रिप लागतात, पण त्या जोडीतूनच कोणत्या ताटाने साखर किती चढते ते दिसतं.

मोजण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. इथे आमच्यासमोरच एका काकांनी फळ सोलून लगेच बोट टोचलं, आकडा २४१. हात धुऊन पुन्हा मोजलं तर १५६. बोटाला लागलेल्या फळाच्या रसानेच हा फरक पडला होता. स्ट्रिपच्या डबीचं झाकण लगेच लावा, ओल लागली की स्ट्रिप बिघडतात. आणि १४२ चा १५१ झाला म्हणून रात्रभर काळजी करू नका. चांगल्या मीटरमध्येही १०० च्या वरच्या आकड्यात १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो असं धरलेलं असतं.

स्वयंपाक करणारी व्यक्ती भेटीला हवीच. नुसते पेशंट येतात, सगळं ऐकतात, घरी जाऊन सांगतात, आणि सांगता सांगता निम्मं गळतं. सोबत येणाऱ्यांची आम्ही वेगळी फी घेत नाही. एका माणसासाठी वेगळं रांधायची पद्धत आमच्या अनुभवात फार दिवस टिकत नाही. करणारा दमतो, आणि खाणाऱ्याला आपण पंगतीबाहेर आहोत असं वाटतं. म्हणून आम्ही सगळ्या घराचं ताट बसवतो: निम्म्या ताटात भाज्या, पाव ताटात डाळ, कडधान्य, अंडी किंवा मासे, आणि उरलेल्या पाव ताटात भात, पाव, बटाटा यांपैकी काहीतरी. आधी भाजी आणि डाळ, भात शेवटी, एवढा क्रम बदलला तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. ज्यांना मधुमेह नाही त्यांनाही हेच ताट उपयोगी आहे, कारण आई-वडील किंवा भावंडांना मधुमेह असला की आपला धोका वाढतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांनी वजन सुमारे ७ टक्के कमी करण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायामाचं उद्दिष्ट ठेवलं होतं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं.

"साखरविरहित" लिहिलेली बिस्किटं चालतील का, हेही रोज विचारलं जातं. पाकीट उलटं करून एकूण कर्बोदकं बघा. साखर नसली तरी पीठ असतं, आणि पिठाचीही साखरच होते. मधानेही साखर वाढते. फळ चावून खा, रस काढला की चोथा जातो आणि एका पेल्यात तीन-चार फळांची साखर येते. आमच्याकडे पावडर किंवा गोळ्या विकायला नाहीत, त्यामुळे कोणतं उत्पादन घ्यावं या प्रश्नाला बहुतेक वेळा "काहीच नको" असंच उत्तर मिळेल.

चालण्याबद्दल थोडक्यात: जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला, आठवड्याचे मिळून १५० मिनिटं व्हायला हवीत, आणि लागोपाठ दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नका. किती वाजता झोपलात तेही वहीत लिहा, अपुऱ्या झोपेने इन्सुलिनचं काम मंदावतं.

एक मात्र घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या सुरू असताना जेवण अचानक कमी केलं तर साखर धोक्याइतकी उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं, आणि आकडा ७० च्या खाली: अशा वेळी १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साधारण तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच द्या. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. औषधाचा डोस आम्ही बदलत नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम आहे. आहार बदलण्याआधी तुमची औषधं आम्ही पाहतो ती याचसाठी.

येताना वही, मीटर, सगळ्या औषधांची पाकिटं, शेवटचा एचबीए१सी आणि मूत्रपिंडाच्या तपासणीचा रिपोर्ट आणा. मूत्रपिंडावर ताण असेल तर डाळ, अंडी, मासे यांचं प्रमाण वेगळं ठरवावं लागतं. वही पाच दिवसांपेक्षा कमी भरली असेल तर आदल्या दिवशी फोन करा, भेट पुढे ढकलू. त्याचे पैसे लागत नाहीत.

पत्रकाच्या मागे सात दिवसांचे रकाने छापले आहेत. कागद ओट्याजवळ टांगा, आणि पेन दोरीने तिथेच बांधून ठेवा.