घरी रोल धुताना: आधी थर्मामीटर, मग घड्याळ

आमच्या दुकानातून आयडी-११ ही काळ्या-पांढऱ्या फिल्मची डेव्हलपर पावडर नेलेले ग्राहक एप्रिल-मेमध्ये एकच तक्रार घेऊन येतात: निगेटिव्ह काळीकुट्ट आली, पावडर खराब असणार. पावडर खराब असती तर उलटं झालं असतं. मेलेला डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं द्रावण) फिल्म फिकी किंवा कोरी सोडतो. ती काळी होते बहुतेक वेळा गरम पाण्याने.

एचपी ५ प्लस ही फिल्म कॅमेऱ्यात आयएसओ ४०० वरच वापरली असेल, तर आयडी-११ एकास एक पातळ करून २० अंशांना १३ मिनिटं, असा ती बनवणाऱ्या इलफर्डचा आकडा आहे. त्यातले १३ सगळ्यांच्या लक्षात राहतात, २० विसरतात. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सहज तिशीच्या वर जातं. त्या पाण्यात १३ मिनिटं म्हणजे दुपटीहून जास्त डेव्हलपिंग. आकाश, पांढरे कपडे असे उजळ भाग निगेटिव्हवर इतके दाट होतात की स्कॅनरचा उजेडही नीट आरपार जात नाही, आणि ग्रेन (चित्रातले दाणे) वर येते ती वेगळीच.

आपल्या हवेत २० अंशांचा हट्ट धरू नका. २४ धरा आणि वेळ ९ मिनिटं ठेवा. हिशेब सोपा आहे: २४ ची दुप्पट ४८, त्यातून स्टॉकचं (पावडर विरघळवून केलेल्या, अजून पातळ न केलेल्या द्रावणाचं) तापमान वजा करा, उरेल तितक्या अंशांचं पाणी घ्या. स्टॉक ३१ अंशांवर असेल तर पाणी १७ चं. फ्रिजमधलं पाणी साध्या पाण्यात थोडं थोडं घालत १७ वर आणा. ३५ मिमीच्या एका रोलला १५० मिली स्टॉक आणि १५० मिली पाणी पुरतं. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकू नका, वितळून तो द्रावण आणखी पातळ करतो. बर्फ पिशवीत बांधून टबात ठेवा. त्याच टबात स्टॉप (डेव्हलपिंग थांबवणारं द्रावण), फिक्सर (चित्र पक्कं करणारं द्रावण) आणि धुण्याचं पाणी ठेवून सगळं २४ च्या आसपास आणा. फिल्म ज्यात धुतो तो टँकही हलवून झालं की टबातच उभा करा. पहिले १० सेकंद चार वेळा उलटासुलटा, पुढे दर मिनिटाला तसंच. दर वेळी टँक ओट्यावर हलका आपटा, म्हणजे बुडबुडे सुटतात.

काही जण विचारतात की स्टॉक न पातळ करता परत परत वापरला तर लिटरमागे दहा रोल होतात, तुमच्या पद्धतीत सहाच का? कारण २४ अंशांवर स्टॉकची वेळ पाच मिनिटांच्या आसपास येते. इतक्या कमी वेळात ओतायला-काढायला लागलेले सेकंदही फिल्मवर दिसतात. शिवाय प्रत्येक रोलनंतर वेळ वाढवत न्यावी लागते. एकास एक एकदाच वापरून ओतून द्यायचं, प्रत्येक रोलला ताजं मिळतं.

फोडलेलं पाकीट आम्ही बदलून देत नाही, पण निगेटिव्ह घेऊन या, लाइटबॉक्सवर फुकट बघून देतो. आधी घरीच फिल्मच्या कडेची, कारखान्यातच उमटवलेली अक्षरं पाहा. अक्षरं ठसठशीत आणि फ्रेम कोऱ्या, म्हणजे रोल कॅमेऱ्यात सरकलाच नाही किंवा शटर उघडलं नाही. अक्षरंही गायब, तर डेव्हलपर मेलेला किंवा आधी फिक्सर ओतला गेला. अक्षरं फुगलेली आणि काळी, तर पाणी गरम.

फिल्म दुधाळ दिसली तर घाबरू नका, फिक्सर कमी पडला आहे. ताज्या फिक्सरमध्ये उजेडातसुद्धा पुन्हा घालता येते. दर वेळी फिल्म टँकमध्ये भरण्याआधी कापलेला लीडरचा (रोलच्या सुरुवातीच्या टोकाचा) तुकडा फिक्सरमध्ये टाका. तो पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ रोलला द्या. ताज्या फिक्सरपेक्षा दुप्पट वेळ लागू लागला की तो फिक्सर बाद. शेवटची खळबळ डिस्टिल्ड पाण्यात, लिटरला ५ मिली वेटिंग एजंट (पाणी थेंब न धरता निथळावं म्हणूनचं द्रव) घालून करा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग नंतर स्कॅनमध्ये एकेक करून पुसत बसावे लागतात.

स्कॅनिंगबद्दलही एक नेहमीचा प्रश्न: धूळ आपोआप काढणारी सोय का वापरत नाही? ती इन्फ्रारेड किरणांवर चालते. काळ्या-पांढऱ्या फिल्ममधली चांदी ते किरण अडवते, त्यामुळे मशीन चित्रालाच धूळ समजतं. रंगीत फिल्मच्या रसायनात धुतली जाणारी एक्सपी २ ही काळी-पांढरी फिल्म याला अपवाद. बाकी रोल आम्ही ब्लोअरने साफ करतो आणि उरलेली धूळ हाताने काढतो, म्हणून दोन दिवस मागतो. स्कॅनची फाइल १६ बिट ग्रेस्केल टिफ देतो. ती मुद्दाम थोडी मऊ, फिकी असते, कॉन्ट्रास्ट तुमच्या हातात राहावा म्हणून.

रोल पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात रात्रभर बंद बाथरूममध्ये टांगा, पंख्याखाली नको. मग सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या कापून स्लीव्हमध्ये आणा. रबर बँड लावलेली गुंडाळी सपाट करण्यातच आमचा अर्धा दिवस जातो. स्लीव्ह आणि थर्मामीटर दोन्ही दुकानात मिळतात. बजेट तुटपुंजं असेल तर आधी थर्मामीटर घ्या.