कलाशिक्षकांचा नेतृत्वविकास

चित्र, शिल्प, हस्तकला, आरेखन यांसारखे विषय शिकवणाऱ्यांनी वर्गाबाहेरच्या जबाबदाऱ्या पेलण्यासाठी करावयाची पद्धतशीर तयारी. अभ्यासक्रम आखणे, नव्या शिक्षकांना हाताशी धरणे, विषयासाठी वेळ, जागा आणि पैसा मिळवणे, संग्रहालये व कलावंतांशी नाते जोडणे, धोरणाच्या चर्चेत कलेची बाजू मांडणे हे सारे या जबाबदाऱ्यांत येते. मुख्याध्यापक किंवा पर्यवेक्षक होणे हा त्यातला एक रस्ता झाला. बहुतेक कलाशिक्षक त्या रस्त्याने जात नाहीत आणि सर्वांनी जावे अशी अपेक्षाही नसते.

शिक्षकांसाठीचे सर्वसाधारण नेतृत्व-प्रशिक्षण कलाशिक्षकाला जसेच्या तसे लागू पडत नाही. अनेक शाळांत तो एकटाच असतो. गणिताच्या शिक्षकाला शेजारच्या वर्गात डोकावून ‘हा धडा तुम्ही कसा घेता?’ असे विचारता येते. कलाशिक्षकाला ती सोय नाही. विभाग नसल्यामुळे लहान जबाबदारीतून मोठ्या जबाबदारीकडे जाण्याची पायरीही नसते. त्यात विषयाची जागा कायम डळमळीत. परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास दुसऱ्या विषयाला दिला जातो, खर्चकपातीची कात्री आधी रंग-कागदावर चालते. समारंभाच्या वेळी व्यासपीठ सजवायला मात्र कलाशिक्षकाची हमखास आठवण होते. त्यामुळे त्याच्या नेतृत्वाची सुरुवात बहुधा विषय टिकवण्यापासून होते.

या जबाबदारीला अधिकृत पदाचे रूप एकोणिसाव्या शतकात आले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १८७० मध्ये कायदा करून सार्वजनिक शाळांत रेखाटन आवश्यक केले आणि दहा हजारांहून अधिक वस्तीच्या गावांना पंधरा वर्षांवरील लोकांसाठी औद्योगिक रेखाटनाचे मोफत वर्ग चालवण्यास सांगितले. कापड आणि इतर उद्योगांना कुशल आरेखक हवे होते, हे त्यामागचे कारण. पण शिकवणार कोण? इंग्लंडमधील लीड्सच्या कलाशाळेचे प्रमुख वॉल्टर स्मिथ यांना १८७१ मध्ये बोलावून घेतले गेले. बॉस्टनच्या शाळांतील रेखाटनाची देखरेख आणि राज्याच्या कलाशिक्षणाचे संचालकपद या दोन्ही जबाबदाऱ्या त्यांच्याकडे आल्या. १८७३ मध्ये कलाशिक्षक घडवणारी स्वतंत्र संस्था, मॅसॅच्युसेट्स नॉर्मल आर्ट स्कूल, त्यांच्याच प्रमुखत्वाखाली सुरू झाली. सामान्य वर्गशिक्षकांना आधी शिकवायचे आणि मग त्यांनी मुलांना शिकवायचे, अशी स्मिथ यांची रीत होती. १८८० च्या दशकाच्या आरंभी त्यांची दोन्ही पदे गेली आणि ते इंग्लंडला परतले. त्यांनी उभी केलेली संस्था टिकली.

मॅरियन रिचर्डसन यांची वाट निराळी. १९१२ पासून त्या इंग्लंडमधील डडली येथील मुलींच्या शाळेत शिकवत होत्या. नमुन्यावरून नक्कल करून घेण्याऐवजी त्या मुलींना डोळे मिटून मनात चित्र पाहायला लावत आणि मग ते कागदावर उतरवायला सांगत. १९१७ मध्ये कलासमीक्षक रॉजर फ्राय यांनी हे काम पाहिले आणि ते लंडनच्या कलावर्तुळापर्यंत पोहोचवले. १९३० मध्ये रिचर्डसन लंडन काउंटी कौन्सिलच्या कला-निरीक्षक झाल्या. १९३८ मध्ये काउंटी हॉलमध्ये भरलेले बालचित्रांचे प्रदर्शन हा त्यांच्या कामाचा मोठा टप्पा. त्यांच्या हाती अधिकार आला तो बराच उशिरा. त्याआधीच्या वर्षांत मुलींची चित्रेच त्यांची बाजू मांडत होती. आजच्या प्रशिक्षणांत प्रदर्शनाची आखणी शिकवली जाते तेव्हा हे सहसा सांगितले जात नाही, पण सांगायला हवे: चित्रांखाली चिकटवलेल्या दोन ओळी, म्हणजे मूल नेमके काय शोधत होते याची नोंद, पालकांवर आणि संस्थाचालकांवर निवेदनापेक्षा जास्त परिणाम करते.

एकट्या शिक्षकाला सोबत मिळाली ती व्यावसायिक संघटनांतून. ब्रिटनमध्ये १८८८ साली कलाशिक्षकांची संघटना स्थापन झाली, अमेरिकेत नॅशनल आर्ट एज्युकेशन असोसिएशन १९४७ मध्ये. युनेस्कोने १९५१ मध्ये ब्रिस्टल येथे भरवलेल्या परिसंवादातून इन्सी (InSEA) ही कलाशिक्षणाची आंतरराष्ट्रीय संघटना पुढे आली. एडविन झीगफेल्ड तिचे पहिले अध्यक्ष. परिषदेचे सत्र चालवणे, मासिकाचे संपादन, शाखेचा हिशेब, ठरावाचा मसुदा ही कामे वर वर कारकुनी दिसतात. पण अनेक कलाशिक्षक नेतृत्व शिकले ते याच कामांतून.

स्वतंत्र प्रशिक्षणक्रम त्या मानाने अलीकडचे. लॉस एंजेलिसच्या गेटी संस्थेने १९८२ मध्ये कलाशिक्षणासाठी केंद्र काढले. निर्मिती, कलेतिहास, समीक्षा आणि सौंदर्यशास्त्र या चार अंगांनी कला शिकवावी, असा त्याचा आग्रह होता. या भूमिकेवर पुढे बरेच वाद झाले. केंद्राच्या प्रशिक्षणातली एक गोष्ट मात्र अनुकरणीय होती. शिक्षकाला एकट्याला न बोलावता शाळाव्यवस्थेतील प्रशासकांनाही त्यात सामील करून घेतले जाई. एकटा शिक्षक उत्साहाने परततो आणि ‘वेळापत्रकात बसत नाही’ या एका वाक्यापाशी अडकतो, हा सगळीकडचा अनुभव आहे. नॅशनल आर्ट एज्युकेशन असोसिएशनने २०१५ मध्ये आर्कन्सॉ राज्यातील बेंटनव्हिल येथील क्रिस्टल ब्रिजेस संग्रहालयात कलाक्षेत्रातील नेत्यांसाठी खास प्रशाला सुरू केली. तिच्यात संग्रहालयातील निवासी शिबिराला नंतरच्या दूरस्थ सत्रांची जोड असते.

प्रत्यक्ष आशयात सर्वांत उपयोगी, आणि सर्वांत कमी शिकवला जाणारा, भाग म्हणजे प्रशासनाच्या भाषेत मागणी मांडणे. समजा, आठवड्याला चाळीस मिनिटांचे दोन सुटे तास आहेत. रंग, पाणी, ब्रश वाटण्यात आठ मिनिटे जातात. शेवटी धुणे-पुसणे आणि ओली चित्रे वाळत ठेवण्यात आणखी आठ. हाती उरतात चोवीस मिनिटे, दोन तासांची मिळून अठ्ठेचाळीस. हेच दोन तास जोडून दिले तर वाटप आणि आवराआवर एकदाच होते आणि चौसष्ट मिनिटे काम होते. शाळेचा एकही मिनिट न वाढवता सोळा मिनिटे मिळाली. ‘कलेला न्याय द्या’ या आर्जवाने वेळापत्रक हलत नाही. एवढ्या हिशेबाने हलू शकते. साहित्याची मागणीही अशीच मांडावी लागते: प्रत्येक विद्यार्थ्यामागे किती कागद, मातीची भट्टी वर्षातून किती वेळा लागणार, गेल्या वर्षीचे काय शिल्लक आहे.

दुसरे अंग माणसे सांभाळण्याचे. येथे कलाशिक्षकाकडे आधीपासूनच एक भांडवल असते, ते म्हणजे कलावर्गातील समीक्षेची सवय. अमेरिकी कलाशिक्षणतज्ज्ञ एडमंड फेल्डमन यांच्या पद्धतीत वर्णन, विश्लेषण, अर्थनिर्णय आणि मूल्यमापन असा क्रम असतो; निवाडा सर्वांत शेवटी. नृत्यदिग्दर्शक लिझ लर्मन यांनी १९९० पासून विकसित केलेल्या पद्धतीत आधी पाहणारे काय भिडले ते सांगतात, मग कलावंत प्रश्न विचारतो, नंतर पाहणारे तटस्थ प्रश्न विचारतात आणि मत द्यायचे असेल तर कलावंताची परवानगी घेऊनच देतात. नव्या सहकाऱ्याचा पाठ पाहून आल्यावर हाच क्रम पाळला तर तो शिक्षक बचावाच्या पवित्र्यात जात नाही. चित्रासमोर इतका धीर धरणारी माणसे बैठकीत पहिल्याच मिनिटाला निकाल देऊन मोकळी होतात, हे पाहून आश्चर्य वाटते.

धोरणाच्या पातळीवर लिस्बन (२००६) आणि सोल (२०१०) येथील युनेस्कोच्या जागतिक परिषदा आणि २०२४ मध्ये अबू धाबी येथे स्वीकारलेला संस्कृती व कलाशिक्षणाचा आराखडा यांचा आधार घेता येतो. मे महिन्याचा चौथा आठवडा युनेस्कोने आंतरराष्ट्रीय कलाशिक्षण सप्ताह म्हणून जाहीर केला आहे. हे दस्तऐवज कोणत्याही शाळेवर बंधनकारक नाहीत. मंत्रालयाच्या किंवा संस्थाचालकांच्या टेबलावर त्यांचे वजन पडते, शिक्षकखोलीत फारसे नाही.

अडचणींपैकी सर्वांत खोल अडचण स्वतःच्या कलेची आहे. समित्या, अहवाल आणि बैठका वाढल्या की आधी बंद पडते ते शिक्षकाचे स्वतःचे चित्र काढणे, आणि ज्या अधिकाराने तो इतरांशी बोलत असतो तो हळूहळू आटतो. काही प्रशिक्षणक्रम म्हणून सहभागींच्या स्वतःच्या निर्मितीसाठी वेळ राखून ठेवतात. तो लाड समजून कापला जाण्याची भीती असतेच. दुसरी अडचण मोजमापाची. प्रशिक्षणानंतर किती जण पदांवर गेले हे मोजणे सोपे असते. शाळेत नव्याने आलेला कलाशिक्षक तीन वर्षांनीही टिकून आहे का, चित्रकलेचा तास परीक्षेच्या महिन्यातही होतो का, हे पाहायला कोणीतरी त्या शाळेत पुन्हा जावे लागते. वाढीव जबाबदारीसोबत तासांची सूट दिली नाही, तर ती बहुधा सर्वांत उत्साही शिक्षकाच्या रविवारावर जाऊन बसते. त्यामुळे प्रशिक्षणासाठी शिक्षकाचे नाव देतानाच संस्थेकडून आठवड्याला किती तास मोकळे मिळतील याचे लेखी आश्वासन घेणे योग्य ठरते.