खड्डा जुना, डुक्कर नवे

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातले मेरिदा शहर. रविवारी सकाळी तिथल्या बाजारात माणसे न्याहारीला कोचिनिता पिबिल खातात. केशरी रसात मुरलेले, बोटाने ओढले तरी सुटणारे डुकराचे मांस, खाली मक्याची टोर्टिया, वर आंबट रसात मुरवलेला लाल कांदा. रात्रभर शिजवायचे आणि सकाळी संपवायचे, असा साधा हिशोब.

नावाची फोड करू. ‘कोचिनिता’ स्पॅनिश, म्हणजे डुकराचे पिल्लू. ‘पिबिल’ युकातानच्या मूळ रहिवाशांच्या माया भाषेतला. ‘पिब’ म्हणजे जमिनीत खणलेली भट्टी आणि तिच्यात शिजते ते पिबिल. पहिला शब्द जहाजातून आला, दुसरा आधीपासून तिथेच होता.

डुकराच्या प्रवासाची सुरुवात 1493 साली झाली. कोलंबस दुसऱ्या सफरीवर निघाला तेव्हा वाटेत कॅनरी बेटांवरून त्याने काही डुकरे उचलली आणि कॅरिबियन बेटांवर सोडली. मिळेल ते खाणारा आणि भराभर वाढणारा हा प्राणी तिथे चांगलाच माजला. 1519 साली स्पॅनिश सेनानी कोर्तेस क्यूबाहून मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला, 1521 साली अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली. विजयाची मेजवानी कोयोआकानला झाली. सैन्यातल्या बेर्नाल दियास देल कास्तियोने म्हातारपणी लिहून ठेवले आहे, की पंगतीला स्पेनची दारू होती आणि क्यूबाची डुकरे. पुढे 1524 मध्ये कोर्तेस होंडुरासच्या मोहिमेवर निघाला, तेव्हाही फौजेमागे डुकरांचा कळप चालत होता. स्वतःच्या पायांनी चालणारा शिधा, आणखी काय हवे?

त्याआधी तिथे मांस नव्हते असे नाही. टर्की होती, हरणे होती, रानडुकरासारखा दिसणारा पेकारी होता. नव्हती ती चरबी. उकडणे, वाफवणे, भाजणे यावरच स्वयंपाक चाले, तळणे जवळपास नव्हतेच. डुकराबरोबर ‘मान्तेका’, म्हणजे डुकराची चरबी, घरोघर पोचली. घेवड्याची उसळ चरबीत परतून घोटली जाऊ लागली, तामाले, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेले मक्याचे उंडे, त्यांच्या पिठात चरबी फेटून ते हलके करण्याची रीत पडली. माझ्या मते मेक्सिकोच्या रोजच्या जेवणावर डुकराच्या मांसापेक्षा त्याच्या चरबीचाच ठसा अधिक आहे.

पिब मात्र बदलला नाही. खड्डा खणायचा, तळाशी लाकडे पेटवून दगड चांगले तापू द्यायचे. ज्वाळा विझून निखारे उरले की केळीच्या पानांत गुंडाळलेले मांस भांड्यासकट आत उतरवायचे. वर हिरव्या डहाळ्या, त्यावर माती. कुठून धूर निसटताना दिसला तर तिथे आणखी एक फावडे माती. एकदा बुजवला की झाकण उचलून ‘शिजले का’ बघायची सोय नाही. आज घरी बहुतेकजण ओव्हन वापरतात. पण नोव्हेंबरच्या सुरुवातीला पितरांसाठी मक्याच्या पिठाचा, आत कोंबडी भरलेला मोठा तामाल करतात, त्यासाठी अजूनही परसात खड्डे खणले जातात. त्या पदार्थालाही सरळ ‘पिब’च म्हणतात.

‘अस्सल माया पदार्थ’ असे कोणी म्हटले की मला मसाल्याची यादी आठवते. रंग देणारे आचिओतेचे बी तिथलेच. (आपल्याकडच्या पिवळ्या बटरच्या वेष्टनावर ‘अनाटो’ लिहिलेले असते, ते हेच.) पण मिरी, लवंग, जिरे समुद्रापलीकडचे. केळही 1516 च्या सुमारास कॅनरी बेटांवरून आलेले. आणि ज्या कडवट आंबट संत्र्याच्या रसाशिवाय हा पदार्थ होतच नाही, त्या संत्र्याचे स्पॅनिश नाव ‘नारान्हा’. अरबी, फारसी असे मागे मागे जात ते आपल्या ‘नारंगा’शी येऊन थांबते.

मेक्सिकोच्याच मिचोआकान राज्यातल्या कार्नितास या डुकराच्या पदार्थाची गोष्ट वेगळी. तिथे खड्डा नाही, तांब्याची भलीमोठी कढई आहे. तिथल्या मूळ पुरेपेचा लोकांचे तांबेकाम स्पॅनिशांच्या आधीचे, सांता क्लारा देल कोब्रे गावात आजही कढया ठोकून घडवतात. त्या कढईत मांस डुकराच्याच चरबीत तासन्‌तास शिजते आणि लांब लाकडी उलथन्याने हलवले जाते. किरोगा गावात ते किलोवर विकतात. नुसते मऊ मांस हवे तर ‘मासिसा’, कातडी हवी तर ‘कुएरितो’, सगळे मिसळून हवे तर ‘सुर्तिदा’.

त्याच शतकात, 1510 मध्ये, पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यांची दारू-लसणात मुरवलेल्या मांसाची रीत इथे आली, आणि अमेरिकेतली मिरची तिला भेटल्यावर व्हिंदालू झाला. मिरची इकडे आली, डुक्कर तिकडे गेले, असे मी घरी सांगतो. गोव्याच्या पोर्कप्रेमींना ते फारसे पटत नाही.

कुटुंबाच्या जेवणापुरते असे मऊ, सुटणारे डुकराचे मांस करण्याची सध्याची सोपी वाट अमेरिकेतून आली. अर्व्हिंग नॅक्सनला विजेच्या मंद भांड्याचे पेटंट 1940 साली मिळाले, 1971 पासून ते ‘क्रॉक-पॉट’ नावाने खपू लागले. सकाळी खांद्याचा तुकडा टाकून कामावर जायचे, संध्याकाळी काट्याने सोडवायचा. खांदाच का? रोज राबणारा स्नायू, कोलॅजनने, म्हणजे स्नायू बांधून ठेवणाऱ्या चिवट प्रथिनाने, भरलेला. ते विरघळून मांसात रस सोडायला तास लागतात, म्हणून घाई केली की चिवट राहतो. आमच्याकडे प्रेशर कुकरच आहे. त्यात तासाभरात मांस सुटते, पण पाणी फार उरते. ते वेगळे आटवायचे, मांस तव्यावर त्याच्याच चरबीत कडा करकरीत होईपर्यंत परतायचे आणि आटलेला रस शेवटी वर ओतायचा.